सशीण आणि काडी न ठेवणारी मेंढी

मुलांनो, डोंगर उतरून खाली आले की झाडे संपतात आणि गवत सुरू होते. अशाच एका माळावर एक सशीण राहत असे. राहत असे म्हणायचे एवढेच, कारण तिला घर नव्हते. उंदराला बीळ असते, सुगरणीला खोपा असतो, माळावरच्या सशांना मात्र नुसते गवत असते. या सशिणीला नुकतीच तीन पिल्ले झाली होती. पहिलटकरीण होती ती, त्यामुळे पान हलले तरी तिचा जीव खालीवर होई.

सशांच्या कुळात एक रीत आहे. आई आपली सगळी पिल्ले एका जागी ठेवत नाही. एक इथे, एक तिथे, एक आणखी कुठे, अशी ती त्यांना गवताच्या वेगवेगळ्या झुपक्यांत लपवते. दिवसभर त्यांच्याकडे फिरकतसुद्धा नाही, कारण तिच्या अंगाच्या वासावरून वैरी माग काढतो. दिवस कलला की गुपचूप जायचे, दूध पाजायचे आणि परत लांब येऊन बसायचे. आणि पिल्ले कुठे आहेत ते कुणाला म्हणजे कुणालाच सांगायचे नाही. सशिणीला हे तिच्या आईने शिकवले होते आणि आईला आजीने.

पिल्लांनाही शिकवण होती. "आई, मुंगी चावली तर?" थोरल्याने एकदा विचारले.

"तरी हलायचं नाही."

"पाऊस आला तर?"

"भिजायचं, पण हलायचं नाही. मी तीनदा पाय आपटीन, तेव्हाच बाहेर यायचं. त्याच्या आधी आभाळ कोसळलं तरी ढेकळासारखं पडून राहायचं."

मधल्याने मान डोलावली. धाकटे आईच्या कुशीत पेंगत होते. ते दोघांपेक्षा बारीक होते आणि दूध पिताना मध्येच दमून झोपायचे. सशिणीला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच होती.

त्या वर्षी पाऊस उशिरापर्यंत रेंगाळला आणि गवत सशिणीच्या कानांच्याही वर गेले. दोन उड्यांवर काय आहे ते दिसेना. एके दिवशी पिल्लांना पाजून परतताना तिच्या पायाला काहीतरी मऊ लागले. वाकून पाहते तो सापाची कात. कात अजून ओलसर होती आणि धाकट्याच्या झुपक्यापासून पाचच पावलांवर पडली होती.

त्या दिवसापासून सशिणीच्या तोंडची चव गेली. गवत कापायलाच हवे होते. सगळे नाही, पिल्लांचे तीन झुपके तेवढे राखायचे आणि भोवतालचे मोकळे करायचे, म्हणजे सरपटत येणारा लांबून दिसेल. पण कापायचे कुणी?

ती स्वतःच लागली. सकाळी सुरुवात करायची, ऊन डोक्यावर येईपर्यंत दात चालवायचे. दोन दिवसांत तिच्या हिरड्या सुजल्या आणि कापून झाले होते सुपाएवढे अंगण. तिसऱ्या दिवशी बघते तर पहिल्या दिवशी कापलेल्या जागी बोटभर कोवळे गवत पुन्हा उभे. त्यातच थकव्याने दूध आटू लागले. धाकटे अर्धपोटी राहून तिच्याकडे नुसते बघत राही. आणि याहून वाईट एक गोष्ट तिच्या लक्षात आली. रोज ये-जा करून तिच्या पायांची एक बारीक वाट पडली होती, आणि ती वाट सरळ पिल्लांच्या दिशेने जात होती.

जवळच बोरीच्या झुडपाखाली एक तितरीण राहायची. सगळे तिला तितरकाकू म्हणत. माळावर कुठे काय शिजते ते तिला आधी कळायचे आणि मग सगळ्यांना कळायचे.

"पोरी, तुला दात आहेत की विळा?" तितरीण म्हणाली. "या वेगाने कापलंस तर तुला नातवंडं होतील तोवर. कुणाला तरी लाव की कामाला."

"कुणाला लावू, काकू?"

"म्हैस आहे, पण ती खाईल चार घास आणि तुडवील चाळीस. शेळी नकोच. ती इथला शेंडा खाईल, तिथलं पान खाईल, आणि दुपारी बघशील तर डोंगरावर. ओढ्याकाठी ती मेंढी राहते ना, तिला बोलाव. कामाला वाघ आहे. मजुरी म्हणशील तर जे कापील तेच तिच्या पोटात. तुझ्या गाठीचं काय जातंय?"

सशिणीला ते पटले आणि पटलेही नाही. परक्याला पिल्लांच्या जागेत कसे आणायचे? पण सुजलेल्या हिरड्या आणि ती ओलसर कात, दोन्ही तिच्या डोळ्यांसमोरून हलेनात. शेवटी ती ओढ्यावर गेली.

मेंढी दुसऱ्या दिवशी उजाडताच हजर झाली. जाडजूड लोकर, थोडी आखूड मान, आणि बोलणे तोडून टाकल्यासारखे. "कुठून कुठवर?" तिने विचारले.

"या पांढऱ्या दगडापासून त्या बाभळीपर्यंत, मेंढीताई."

"माझ्या मागे काडी उभी राहत नाही, आधीच सांगते. अर्धवट काम मला जमत नाही. मध्ये काही जपायचं आहे का? कुणाचं घरटं, अंडी, लेकरू?"

सशिणीच्या ओठांपर्यंत शब्द आले. तीन झुपके, ते बघ, ते आणि ते. पण आईची शिकवण आडवी आली. कुणाला म्हणजे कुणालाच नाही. शिवाय बोरीखाली तितरीण कान टवकारून बसलेली. नुसते "झुपके सोडा" म्हणावे तर ही विचारील "का सोडू?" सशिणीने मनाची समजूत घातली. पिल्लांचे झुपके कुसळी गवताचे होते. या दिवसांत त्या गवताच्या टोकाला सुईसारखी कुसळे येतात, ती तोंडात रुततात. कुठले जनावर त्याला तोंड लावणार? मेंढी आपोआपच ते सोडून पुढे जाईल.

"नाही," सशीण म्हणाली. "काही नाही."

"मग झालं तर," म्हणून मेंढीने मान खाली घातली.

सशीण रीतीप्रमाणे लांब, तितरिणीशेजारी बोरीखाली जाऊन बसली. मेंढीचे दात चरचर चालू लागले. काय तिचा हात होता म्हणून सांगू. हात कसला, दातच. पण न्हावी डोके भादरतो तसे गवत मागे सपाट होत जाई. दिवस कासराभर वर येण्याआधीच पांढऱ्या दगडाभोवतीची जमीन दिसू लागली.

मेंढी पहिल्या झुपक्याजवळ आली. तिथे थोरले होते. सशिणीने श्वास रोखला. मेंढीने झुपका हुंगला, ती फुरफुरली आणि बाजूने वळून पुढे गेली. दुसऱ्या झुपक्यापाशीही तसेच. तिसऱ्यापाशीही. सशिणीचा जीव भांड्यात पडला. आता फक्त दिवस कलायची वाट बघायची होती.

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" तितरीण म्हणाली. "उगाच दात झिजवत बसली होतीस."

सशीण पहिल्यांदाच थोडी सैल झाली. तिने पंज्याने तोंडही पुसले.

पण एक गोष्ट तिने हिशेबात धरली नव्हती. गवत कापले की त्यातले नाकतोडे उडतात. नाकतोडे उडाले की आधी कोतवाल पक्षी येतात, त्यांचा कलकलाट ऐकून साळुंक्या येतात, आणि एवढी पाखरे एका जागी कशाला जमली ते बघायला वरून घार येते. कापलेल्या जमिनीवरून एक काळी सावली सरकत गेली तेव्हा सशिणीने वर पाहिले.

घार बरीच उंच होती. मोठी फेरी घेत होती. सशीण मनाशी म्हणाली, असू दे. झुपके आहेत. झुपक्यात वरून काही दिसत नाही.

इकडे मेंढी बाभळीपर्यंत पोहोचली होती. तिने मागे वळून आपल्या कामाकडे पाहिले. सगळे कसे स्वच्छ, सपाट, आणि मध्ये ते तीन झुपके, जेवलेल्या ताटात खरकटे राहावे तसे उभे. मेंढीला ते बघवेना.

"हे काय शोभतं होय?" ती पुटपुटली. "लोक म्हणतील, मेंढी आली आणि निम्मं टाकून गेली. खायचं नाही तर नाही, तोडून तरी टाकते."

ती सर्वांत जवळच्या झुपक्याकडे निघाली. तो धाकट्याचा होता.

सशीण उठून उभी राहिली. ओरडावे तर घार ऐकणार. गप्प बसावे तर मेंढी तोडणार. ती विचार करते आहे तोवर मेंढीने डोळ्यांत कुसळ जाऊ नये म्हणून डोळे मिटले आणि बुडाशी दात लावले. एक बाजू आडवी झाली. मग दुसरी. मानेला एक झटका देऊन तिने उरलेल्या काड्या बाजूला लोटल्या, ती दोनदा शिंकली, आणि मागे न बघता दुसऱ्या झुपक्याच्या दिशेने वळली.

उघड्या जमिनीवर मातीच्या रंगाचे एक छोटे ढेकूळ पडले होते. ते हलत नव्हते. त्याला शिकवलेच तसे होते.

घारीची फेरी लहान झाली.

"काय गं, अशी का करतेस?" तितरीण म्हणाली. "अंगात हुडहुडी भरली की काय?"

सशिणीचे डोके भराभर चालत होते आणि जिकडे जावे तिकडे भिंत लागत होती. पाय तीनदा आपटावा तर धाकटे उठेल, पण झुपक्यांत सुखरूप असलेली दोघेही उठून बाहेर येतील. स्वतः त्याच्याकडे धावावे तर घार तिच्या धावण्यावरूनच जागा ओळखेल, आणि तिच्या अंगाने घारीपुढे आडोसा तो किती होणार? गप्प बसून राहावे, रीत तर तेच सांगत होती. पण रीत सांगणाऱ्या आईच्या माळावर गवत कुणी दुसऱ्याने कापले नव्हते.

सावली पुन्हा सरकली. या वेळी ती ढेकळापासून हातभर अंतरावरून गेली.

सशीण बोरीखालून निघाली. धावली नाही. दोन पावले, मग थांबून काडी हुंगायची, पुन्हा दोन पावले, जणू चरायला निघाली आहे. धाकट्याकडे तिने बघितलेसुद्धा नाही. ती पोहोचली मेंढीपाशी.

"मेंढीताई," ती खालच्या आवाजात म्हणाली, "दात थांबवा."

"का? आता दोनच तर राहिलेत."

"त्यांत माझी लेकरं आहेत."

मेंढीच्या तोंडातली काडी खाली पडली. "सकाळी मी विचारलं होतं."

"हो."

"तुम्ही नाही म्हणालात."

"हो, ताई. मी खोटं बोलले. त्याचं काय ते मागाहून बोला. आधी एक ऐका. तुम्ही तोडलेल्या झुपक्यात माझं धाकटं आहे. ते उघड्यावर पडलंय आणि वर घार आहे."

"कुठे? मला तर तिथे काहीच दिसलं नाही."

सशिणीच्या आईने, आजीने, आजीच्या आईने जी गोष्ट कधी उच्चारली नव्हती ती तिला भर दुपारी, उघड्या माळावर उच्चारायची होती. "तुमच्या मागे ती बाभळ. तिच्या अलीकडे ढेकूळ दिसतंय बघा. ते ढेकूळ नाही."

मेंढीने मान न हलवता तिरक्या डोळ्याने पाहिले. मग म्हणाली, "तुम्ही इथेच थांबा. तुमचे पाय तिकडे वळायला नकोत. कळपात होते तेव्हापासून मला घारी माहीत आहेत. पळणाऱ्यावर त्या आधी झडप घालतात. मी चरत चरत जाते."

चरायला तिथे काडी उरली नव्हती. तिनेच ठेवली नव्हती. तरी मेंढी मान खाली घालून उघडी माती हुंगत, चघळल्यासारखे तोंड हलवत, एक एक पाऊल टाकत निघाली. सशिणीला वाटले, हिच्या पायाला कुणी दोर बांधलाय की काय. पंधरा पावले. दहा पावले. घारीने पंख आखडले.

मुलांनो, घार झडप घालते तेव्हा आवाज होत नाही. नुसता वारा फाटतो. सशिणीने तो वारा ऐकला आणि तिचे डोळे आपोआप मिटले. मिटता मिटता तिने एवढेच पाहिले की ती हळूबाई मेंढी शेवटची तीन पावले एका उडीत टाकते आहे.

डोळे उघडले तेव्हा घार वर चढत होती. तिच्या पंज्यात पांढरे काहीतरी होते. सशिणीने पुन्हा पाहिले. ती लोकर होती. मेंढी चारी पाय रोवून उभी होती, तिच्या पाठीवर एक लाल ओरखडा उमटला होता, आणि तिच्या पोटाखालच्या सावलीत ते ढेकूळ अजून तसेच पडले होते. ते हलले नव्हते. पण त्याचे पोट वरखाली होत होते, म्हणजे श्वास चालू होता.

घार सहजासहजी जाणारी नव्हती. ती बाभळीच्या शेंड्यावर बसली आणि मान वाकडी करून बघत राहिली. मेंढी जागची हलली नाही. ऊन तापले. ओरखड्यावर माश्या बसू लागल्या, तर ती शेपूट हलवी, पण पाय नाही. सशीण तिथून वीस पावलांवर, ना जवळ ना दूर, बसून राहिली. तिसऱ्या प्रहरी घार कंटाळली आणि ओढ्याच्या दिशेने निघून गेली. तरीही दिवस कलेपर्यंत दोघींपैकी कुणी उठले नाही.

मग सशीण गेली. तिने धाकट्याला मेंढीच्या पायांतच दूध पाजले आणि ओळखीचा वास येताच त्याला इतके कापरे भरले की त्याला नीट पिता येईना.

"मी हललो नाही," ते म्हणाले.

"नाही हललास हो, सोन्या," सशीण म्हणाली, आणि त्याला चाटू लागली.

मेंढी म्हणाली, "सशीणबाई, राग मानू नका, पण बोलते. तुम्ही गवत माझ्यावर सोपवलंत आणि लेकरं गवतावर. मी माझं काम चोख केलं. चोख केलं म्हणूनच आज तुमचं घर बुडत होतं."

"आमच्यात सांगायची रीत नाही, ताई."

"मग आमच्यासारखीला बोलवायची रीतही नसेल. दोन्हींतलं एक धरा. सांगायचं नसेल तर आपल्या दातांनी कापा, हळू का होईना. आणि दुसऱ्याला लावायचं असेल, तर काय तोडू नको ते आधी सांगा. काय तोड ते तर कुणालाही दिसतंच."

बोरीखालून तितरीण बघत होती. ती एकदा खाकरली आणि म्हणाली, "पोरी, मला म्हातारीला दुपारपासून नीट ऐकू येत नाही बरं का." आयुष्यात पहिल्यांदाच तितरीण काही न सांगता झोपायला गेली.

तेव्हा सशीण उठली आणि मेंढीला म्हणाली, "माझ्यामागे या." तिने मेंढीला थोरल्याच्या झुपक्याशी नेले. "हे एक." मग मधल्याच्या. "हे दुसरं." मेंढीने दोन्ही जागा लांबूनच बघून घेतल्या, हुंगल्या नाहीत. धाकट्यासाठी सशिणीने उंच गवतातला एक नवा झुपका शोधला आणि तोही मेंढीला दाखवला.

दुसऱ्या दिवसापासून माळावर दोघींचे दात चालू लागले. मेंढी बाहेरचे रान सपाट करायची आणि झुपक्यांपासून दहा पावलांवर येऊन थांबायची. तिथून आतले गवत सशीण दिवस कलल्यावर, पाजायला जायच्या वेळीच, थोडे थोडे कापायची, म्हणजे वेगळी वाट पडायची नाही. ते वाकडेतिकडे दिसायचे. मेंढी त्याकडे बघून नाक मुरडायची, पण एक काडी तोडायची नाही. चार दिवसांनी एक साप त्या मोकळ्या जागेच्या कडेपर्यंत आला, त्याने फणा काढून इकडेतिकडे बघितले, आणि लपायला कुठे काही नाही असे पाहून तो आल्या वाटेने परत गेला. सशिणीने त्याला बोरीखालून, सगळ्यांच्या आधी पाहिले होते.

तात्पर्य : काम परक्या हातांना देता येते, पण आपले काय जपायचे ते त्या हातांना आपणच सांगावे लागते, आणि तेवढा विश्वास टाकता येत नसेल, तर ते काम हळूहळू का होईना, स्वतःच करावे.